भिवंडी सावरली, असे म्हणण्याआधी

२९ जानेवारी २०२१ रोजी संसदेत आर्थिक पाहणी अहवाल मांडला गेला. टाळेबंदीनंतर अर्थव्यवस्था ‘व्ही’ अक्षराच्या आकारात सावरते आहे, असे त्यात म्हटले होते. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत सकल देशांतर्गत उत्पादन जवळपास २४ टक्क्यांनी घसरले होते. ते जितक्या वेगाने खाली गेले तितक्याच वेगाने वर येते आहे, एवढाच त्या अक्षराचा अर्थ. त्या आकड्यांशी माझे भांडण नाही. त्यांच्या आधाराने पुढे जे बोलले गेले, ते मात्र मान्य करता येत नाही. भारतीय माणूस चिवट आहे, असंघटित क्षेत्रात धक्का पचवण्याची उपजत ताकद आहे, यंत्रमागाची शहरे पुन्हा धडधडू लागली, सबब समाजाची लवचिकता सिद्ध झाली, असा तो युक्तिवाद. आता त्याला निर्देशांकांचे आणि गुणांकांचे पाठबळही मिळाले आहे. मुंबईशेजारच्या भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या शहराबाबत हा युक्तिवाद चुकीचा आहे, आणि तो इथे का चुकतो हे नीट पाहिले तर सामाजिक लवचिकतेची व्याख्या आणि मोजणी या दोन्ही कुठे बिघडल्या आहेत ते कळते.

शब्दांपासून सुरुवात करू, कारण गोंधळ तिथूनच आहे. ‘रेझिलियन्स’साठी आपण लवचिकता, चिवटपणा, तग धरण्याची क्षमता असे शब्द सरसकट वापरतो. रोजच्या बोलण्यात मात्र तग धरणे वेगळे आणि सावरणे वेगळे. तग एकट्यालाही धरता येतो. अर्धपोटी राहून, बायकोचे दागिने मोडून, मुलाला शाळेतून काढून, दुखणे अंगावर काढून माणूस तग धरतो. त्यात दुसऱ्या कुणाचा हात असावाच लागत नाही. सावरणे हे क्रियापद दोन्ही तऱ्हांनी चालते. माणूस सावरतो, आणि माणसाला कुणीतरी सावरते. घरातला कर्ता गेला की ‘तिला कुणी सावरलं?’ असे आपण विचारतो, आणि उत्तरात भाऊ, शेजारीण, मालक, पतपेढी, कुणाचे तरी नाव येते. एखाद्या समाजाची ताकद मोजायची तर हे दुसरे मोजले पाहिजे: कोणी कोणाला सावरले, कोणाच्या खर्चाने, आणि ते उपकार म्हणून की हक्क म्हणून. आज लवचिकता म्हणून जे मोजले जाते ते बहुतांशी तग धरणे आहे, आणि तग तर ज्याला दुसरा इलाजच नसतो तो सगळ्यांत जास्त धरतो.

ही कल्पना मुळात समाजशास्त्राची नाही, ती परिस्थितिकीशास्त्रातून आली. सी. एस. हॉलिंग यांनी १९७३ मध्ये एक भेद मांडला होता. धक्क्यानंतर पूर्वपदाला लवकर येण्याला ते स्थैर्य म्हणत. आपल्या आतले संबंध मोडू न देता धक्का पचवण्याला लवचिकता म्हणत. म्हणजे ज्या वेगाला आज लवचिकता समजून गुण दिले जातात, तो या कल्पनेच्या जनकाच्या मते वेगळाच गुण होता. पुढे २००० मध्ये नील ॲड्जर यांनी ती समाजाला लावली: बाहेरून आलेला ताण झेलण्याची समूहाची क्षमता. पीटर हॉल आणि मिशेल लामोंत यांनी २०१३ मध्ये तिची कसोटी समूहाच्या स्वास्थ्यावर आणली, तगून राहण्यावर सोडली नाही. अर्थशास्त्रज्ञांचा ओढा मात्र परत येणाऱ्या रेषेकडेच राहिला. त्यांच्यातही रॉन मार्टिन यांच्यासारखे लोक आहेत. मंदी संपली तरी तिचा व्रण प्रदेशाच्या रोजगारावर राहतो, हे त्यांनी २०१२ मध्ये ठासून मांडले. आणि स्टीफन कार्पेंटर यांनी सहकाऱ्यांसह २००१ मध्ये जो प्रश्न विचारला तो तर प्रत्येक निर्देशांकाच्या पहिल्या पानावर हवा: लवचिकता कशाची, आणि कशापुढे? भिवंडीसाठी त्यात तिसरा प्रश्न जोडावा लागतो: कोणाच्या जिवावर?

हा तिसरा प्रश्न वगळला की काय होते, ते भिवंडीच्या जन्मकथेतच दिसते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. गिरण्यांतले विणकाम त्याआधीच यंत्रमागांकडे सरकू लागले होते. संपाने त्याला वेग दिला आणि भिवंडी फुगली. कापड उद्योग हे एकक धरून मोजणी केली तर ही लवचिकतेची नमुनेदार गोष्ट ठरेल, कारण एवढा मोठा धक्का बसूनही बाजारातले कापड आटले नाही. एकक म्हणून गिरणगाव धरा. मग हीच घटना एका वस्तीचा, तिच्या संघटनांचा, खाणावळींचा, व्यायामशाळांचा आणि कलापथकांचा विध्वंस ठरते. आणि भिवंडीत जो नवा कामगार मागावर उभा राहिला त्याला गिरणी कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी मिळाला नाही, विमा मिळाला नाही, हजेरीपटावर नावही सहसा मिळाले नाही. कारखाना कायद्याच्या मर्यादेखाली राहावे म्हणून एकाच छपराखालचे माग वेगवेगळ्या नावांवर दाखवायची रीत इथे जुनी आहे. कापड सावरले ते या कामगाराच्या हक्कांच्या बदल्यात. हा बदला ज्या मोजपट्टीवर उमटत नाही, ती मोजपट्टी समाजाची नव्हे, मालाची आहे.

आता मागाच्या शेडमध्ये धक्का कसा उतरतो ते पाहा. सूत बहुतेक वेळा व्यापाऱ्याचे असते. मागवाला मजुरीवर कापड विणून देतो. त्याची शेड बऱ्याचदा भाड्याची असते. कामगाराला मीटरमागे पैसे मिळतात, पाळी बारा तासांची. तो जेवतो ‘बिशी’त, म्हणजे कामगारांच्या खाणावळीत, आणि तिथले बिल पगार झाला की भागवले जाते. मंदी आली की व्यापारी सूत देणे थांबवतो. त्याचे भांडवल दुसऱ्या मालात फिरते. मागवाल्याच्या डोक्यावर भाडे आणि वीजबिल राहते, म्हणून तो एक पाळी बंद करतो. कामगाराची मजुरी त्याच दिवशी शून्य होते आणि बिशीवालीच्या वहीत उधारी चढू लागते. पुढे तो गावी निघून जातो आणि त्याचे पोट उत्तर प्रदेशातल्या, बिहारमधल्या किंवा तेलंगणातल्या घरावर पडते. २०११ च्या जनगणनेत भिवंडी शहराची लोकसंख्या सात लाखांहून अधिक होती आणि हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या सुमारे ७००. हा आकडा लिंगभेदाच्या तक्त्यात टाकून पुढे जाण्यासारखा नाही. या शहराची घरे शहरात नाहीत, असे तो सांगतो. शहर आपला धक्का शेकडो मैलांवर पोचवते आणि स्वतः हलके होते. मग शहराच्या हद्दीत मोजणी करणाऱ्याला शहर लवकर सावरलेले दिसले, तर त्यात नवल ते काय?

नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी, १ जुलै २०१७ चा जीएसटी आणि मार्च २०२० ची टाळेबंदी, असे तीन धक्के या शहराने चार वर्षांत खाल्ले. छोट्या मागवाल्यांनी माग भंगारात काढले. मे २०२० च्या पहिल्या आठवड्यात भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे श्रमिक विशेष गाडी सुटली. देशभरात अशा गाड्यांनी ६० लाखांहून अधिक माणसे गेली. पायी, ट्रकमधून, सायकलवरून गेलेले वेगळेच. काही महिन्यांनी कामगार परतू लागले, माग सुरू झाले, आणि ‘व्ही’ अक्षराची उजवी रेघ पुरी झाली.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. कामगार स्वतःच्या मर्जीने परतले, त्यांना कुणी बांधून आणले नाही. शहरात त्यांना संधी दिसली म्हणूनच ते आले, मग याला सावरणे का म्हणू नये? उत्तर असे की परत येण्याने एवढेच सिद्ध होते की गावी राहणे त्याहून वाईट होते. धक्क्याआधी ज्याच्याकडे थोडी शिल्लक होती आणि कर्ज नव्हते, तो धक्क्यानंतर त्याच मागावर, त्याच दराने, सावकाराचे देणे घेऊन उभा असेल, तर उत्पादनाच्या आकड्यात दोघे सारखेच दिसतात. पुढच्या धक्क्याला मात्र पहिला दोन महिने टिकेल आणि दुसरा दोन आठवडेही नाही. लवचिकता ही पुढच्या धक्क्यासाठी असलेली ताकद असेल, तर या माणसाची ती घटली आहे, आणि नेमक्या त्याच वेळी निर्देशांक ती वाढल्याचे सांगतो. रबर ताणून सोडले की पूर्ववत होते. पण ते दहा वेळा ताणले तर त्याचा जीव जातो, हे लांबीच्या मोजणीत अगदी शेवटपर्यंत दिसत नाही.

समाजशास्त्राकडून येणारे मोजमाप याहून सूक्ष्म असते, हे मान्य. ते उत्पादनावर थांबत नाही. माणसे किती संस्थांची सभासद आहेत, शेजाऱ्यांवर विश्वास किती, संकटात मदत कुठून येते, हेही विचारते. पण इथेही भिवंडीचा इतिहास आडवा येतो. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी इथे दंगल उसळली. पुढे न्यायमूर्ती दि. पी. मादन यांच्या आयोगाने भिवंडी, जळगाव आणि महाड इथल्या दंगलींची चौकशी केली. आयोगाच्या अहवालातली भिवंडी संस्थांनी भरलेली आहे. मिरवणुकीसाठी राष्ट्रीय उत्सव मंडळ होते, दुसऱ्या बाजूलाही संघटना होत्या, वर्गण्या होत्या, सभा होत्या, हाकेला धावून जाणारी माणसे होती. सभासदत्वाचे गुण देणारा निर्देशांक त्या वर्षी भिवंडीला भरघोस गुण देऊन गेला असता. माणसे एकमेकांशी घट्ट बांधलेली होती, फक्त आपापल्या बाजूला. त्याच बांधिलकीने जखमींना घरात घेतले आणि त्याच बांधिलकीने दगड जमवले. मे १९८४ मध्ये पुन्हा तेच झाले आणि आग ठाणे, मुंबईपर्यंत गेली.

यानंतर जे घडले, ते सामाजिक लवचिकतेवर लिहिणाऱ्या प्रत्येकाने वाचायला हवे. १९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यात दोन्ही समाजांची सामान्य माणसे होती आणि त्या भागात गस्त घालणारे पोलीस होते. पुढारी गोळा करून शांततेच्या आणाभाका घेण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच; ही रचना तिच्यापेक्षा वेगळी होती. समित्या दंगलीची वाट पाहत बसल्या नाहीत. शेजाऱ्यांची भांडणे, पैशांचे वाद, घरगुती तक्रारी अशा किरकोळ गोष्टी तिथे नियमित येत आणि मिटत. समितीतल्या माणसाला पोलीस शिपाई नावाने ओळखू लागला, शिपायाला वस्ती ओळखू लागली. ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली. मुंबईत डिसेंबर आणि जानेवारी मिळून ९०० माणसे मारली गेली, हा श्रीकृष्ण आयोगाचा आकडा. शेजारची भिवंडी, जिच्या नावाचा दंगलीसाठी दाखला दिला जाई, ती पेटली नाही. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ च्या आपल्या ग्रंथात भिवंडीची नोंद घेतली ती याच कारणासाठी.

यावर जाणकार म्हणतील की एका शहरातल्या एका न घडलेल्या दंगलीवरून सिद्धांत मांडता येत नाही. लोक १९८४ ने पोळले होते, व्यापाऱ्यांना माग चालू राहायला हवे होते, म्हणून शांतता राहिली असेल. आक्षेप रास्त आहे, पण तो तपासता येतो. १९८४ मध्येही लोक १९७० ने पोळलेले होते, आणि माग बंद पडले की व्यापाऱ्याचे नुकसान तेव्हाही होतच होते. आठवण आणि व्यापार दोन्ही वेळा हजर होते. त्यांनी १९८४ थोपवले नाही. १९८४ आणि १९९२ यांच्या मध्ये जी नवी गोष्ट आली ती म्हणजे एक जबाबदारीची साखळी: कुणी हाक मारली तर कुणी उत्तर द्यायचे, हे नावानिशी ठरलेले. एकच अधिकारी, एकच काळ, म्हणून हा पूर्ण पुरावा नाही, हे कबूल. पण दुसरी कारणे दोन्ही वेळी सारखीच होती आणि परिणाम मात्र वेगळा झाला, याचे उत्तर आक्षेपकांनीही द्यायला हवे. ही ताकद कायमची ठेव नव्हती, हेही भिवंडीनेच दाखवले. जुलै २००६ मध्ये एका पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद पेटला. गोळीबारात दोन नागरिक आणि जमावाच्या हल्ल्यात दोन पोलीस गेले. वस्ती आणि पोलीस यांच्यातला जो धागा १९८८ नंतर विणला गेला होता, तो नेमका तिथे तुटला. धागा रोज विणावा लागतो हे या गावाला कुणी शिकवायला नको, आणि म्हणून दहा वर्षांतून एकदा केलेले ‘विश्वासाचे सर्वेक्षण’ इथे निरुपयोगी आहे.

भिवंडीची सर्वांत मोठी सामाजिक कमाई ही एक न घडलेली घटना आहे. आपत्तीनंतरच्या घसरणीची खोली आणि सावरण्याचा काळ मोजणाऱ्या कोणत्याही सूत्रात ती शून्य म्हणून येते, कारण घसरणच झाली नाही. जे सूत्र १९९२ च्या भिवंडीला सांगण्यासारखे काही नाही म्हणून वगळते आणि २०२१ च्या भिवंडीला शाबासकी देते, ते उलटे धरलेले आहे.

निर्देशांकांचे समर्थक म्हणतात की तुलना तर करावीच लागते. निधी कुठे द्यायचा हे ठरवायला शहरांची क्रमवारी हवी. तुलना हवीच. प्रश्न बेरजेचा आहे. रस्ते, रुग्णालये, साक्षरता, संस्था, बचत, अशा वेगवेगळ्या गोष्टींना गुण देऊन एकच आकडा काढला की एका रकान्यातली उणीव दुसऱ्या रकान्यातल्या गुणांनी भरून निघते. जून २०२० मध्ये शांतीनगरच्या मक्का मशिदीत गरजूंसाठी मोफत प्राणवायूची सोय केली गेली. कुणाचा धर्म विचारला गेला नाही. हे या शहराचे भूषण आहे, पण ते गुणपत्रिकेत कसे लिहायचे? ‘सामाजिक भांडवल: उत्तम’ असे लिहिले की सरकारी खाटांची आणि प्राणवायूची टंचाई त्याखाली झाकली जाते. मशिदीतला सिलिंडर हा शेजाऱ्याने शेजाऱ्याला सावरल्याचा पुरावा आहे, आणि ज्याने सावरायला हवे होते तो हजर नसल्याचाही पुरावा आहे. दोन्ही नोंदी वेगवेगळ्या ठेवल्या पाहिजेत. त्यांची बेरीज केली तर शासन जितके मागे हटेल आणि माणसे जितके जास्त ओझे उचलतील, तितके शहर लवचीक ठरत जाईल.

राहिला गोदामांचा मुद्दा, आणि तो सर्वांत तगडा आहे. माग गेले तर गेले, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, मानकोली, पडघा या पट्ट्यात देशातली मोठी गोदामे उभी राहिली; भिवंडीने कात टाकली, बदल पचवणे हीच खरी लवचिकता, असे म्हटले जाते. बदल पचवणे ही लवचिकतेची वरची पायरी आहे, हे मला मान्य आहे. तालुक्यात रोजगार आला, जमीनवाल्यांकडे पैसा आला, हेही खरे. पण बदलला कोण? वीस वर्षे मागावर उभा राहून ज्याचे कान आणि छाती गेली, तो विणकर गोदामात पेट्या उचलायला घेतला जात नाही. तिथे ठेकेदार पोरसवदा मुले आणतो. जुना माणूस गेला, नवा आला, आणि शहराच्या नावावर रोजगाराची बेरीज तीच राहिली. गोदामे बहुतेक महापालिकेच्या हद्दीबाहेरच्या ग्रामपंचायतींत आहेत. गंजलेल्या शेडी, जुन्या चाळी आणि धोकादायक इमारती शहराच्या वाट्याला राहिल्या. नकाशावर जागा बदलली म्हणून माणसाने कात टाकली असे होत नाही.

मग मोजायचे काय? काम अशक्य नाही, फक्त ते दुसऱ्या दारातून सुरू करावे लागेल. धक्क्यानंतर झालेले नुकसान व्यापारी, मागवाला, कामगार, बिशीवाली आणि गावाकडचे घर यांच्यात कसे वाटले गेले, ही पहिली नोंद हवी. आणि त्यासाठी शेडपासून गावापर्यंत एकाच कुटुंबाचा माग काढावा लागेल, शहराची हद्द विसरून. सावरण्याचा काळ माग सुरू झाल्याच्या तारखेने मोजू नये. उधारी फिटली, मोडलेली वस्तू परत आली, शाळेतून काढलेले मूल परत गेले, त्या तारखांनी मोजावा. मिळालेल्या मदतीपैकी किती हक्काची होती हे वेगळे लिहावे: परराज्यातल्या शिधापत्रिकेवर इथल्या दुकानात धान्य मिळाले का, ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीचा कार्डापलीकडे काही उपयोग झाला का. आणि समित्यांची संख्या न मोजता, रात्री दोन वाजता हाक मारली तर पोलीस, पालिका आणि दवाखाना यांतले कोण नावानिशी उत्तर द्यायला बांधील आहे, हे मोजावे. हे खर्चिक आहे, वेळखाऊ आहे, एका आकड्यात मावणार नाही, असे म्हटले जाईल. रंगीत नकाशा स्वस्त पडतो हे खरे, पण त्याच्या चुकीची किंमत तो काढणाऱ्याला द्यावी लागत नाही.

भिवंडीवर प्रबंध लिहिणाऱ्यांनी, तिला गुण देणाऱ्यांनी आणि तिच्या चिवटपणाची भाषणे करणाऱ्यांनी सप्टेंबर २०२० मधल्या दोन तारखा आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्यात, एवढी विनंती आहे. १४ सप्टेंबरला केंद्रीय श्रम मंत्रालयाने लोकसभेत सांगितले की टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित कामगार मेले, याची नोंद ठेवलेली नाही. २१ सप्टेंबरच्या पहाटे धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत झोपलेल्या माणसांसह कोसळली. ४० च्या आसपास माणसे गेली, त्यांत लहान मुले होती. त्याच महिन्यात शहरातले माग पुन्हा सुरू होत होते.